गोल फिरण्याचा खर्च

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या माघात, माघी गणपतीच्या आदल्या शनिवारी, सकाळच्या शाळेची पोरं काठावर उतरवून ती रिकामी होडी परत वल्हवत नेत होती तेव्हा. जागा म्हणाल तर मुरबाड तालुक्यातल्या एका लहान धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे पाणी जिथवर पसरतं तो भाग. धरणाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तुमच्यातलेच चार जण गाडी काढून तिकडे मॅगी खायला जातील, आणि मग मला त्यांच्यावरही पत्रक काढावं लागेल.

पत्रकं काढणं हेच माझं काम. शहापूरला आम्ही काही मुलं-मुली मिळून ती लिहितो, झेरॉक्स करतो आणि स्टँडवर वाटतो. कोणावर अन्याय झाला ते पहिल्या ओळीत सांगायचं आणि कोणी काय करायचं ते शेवटच्या ओळीत, एवढं आम्हाला शिकवलेलं आहे. मधलं कोणी वाचत नाही. हे पत्रक नाही, तेव्हा तुम्हाला मधलंही वाचावं लागेल. इलाज नाही.

अन्याय केला कोणी? एका लाटेनं. निदान आयोजकांचं म्हणणं तसंच आहे. लाट आली एका लाल बोटीमागून, जिच्या नाकावर वाघाचा जबडा रंगवलेला होता. रविवारी शर्यत होती, शनिवारी तिची चाचणी. मावशी सांगते, बोट तिला दिसलीच नाही. आधी आवाज आला, मग पाणी उभं राहिलं. होडी आडवी झाली, मावशी पाण्यात गेली आणि डाव्या हाताचं वल्हं मोडलं.

कौतुक करायचं तिथे मी करते. त्यांची बचाव बोट डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोचली. मावशीला वर ओढलं, चकचकीत चंदेरी कागदात गुंडाळलं आणि काठावर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेत बसवलं. मावशीच्या पाड्यानं रुग्णवाहिका एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिली. बाजारासाठी आधीच या काठाला आलेल्या बायाबापड्या काचेला नाक लावून बघून गेल्या. कोपराला पट्टी बांधता बांधता एका तरुण डॉक्टरनं मावशीला झापलं, "आजी, लाइफ जॅकेट का नाही घातलं?"

"मी पोहायला नव्हती गेली," मावशी बोलली. "घरी चालली होती."

दुपारी मुरबाडच्या कचेरीची दोन माणसं आली आणि त्यांनी होडीला साखळी घालून ती काठावरच्या करंजाला बांधली. कुलूप लावलं. हे सगळं मावशीच्या सुरक्षेसाठी. लाल बोटीला कुलूप लावल्याचं ऐकिवात नाही. तिच्याकडे लाइफ जॅकेट होतं.

आता ही होडी म्हणजे काय, ते सांगते. पाडा फुगवट्याच्या पलीकडे. शाळा, बाजार, दवाखाना आणि एसटीचा फाटा अलीकडे. धरण झालं तेव्हा मधली वाट पाण्याखाली गेली. वळसा घालून यायचं तर जंगलातून, दोन ओढे उतरून. न्याहारी करून निघालेला माणूस जेवायच्या वेळेला डांबरीला लागतो. म्हणून मावशीच्या सासऱ्यांनी होडी केली आणि त्यांच्यानंतर वल्ही मावशीच्या हातात आली. काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, पाण्यात डोळे फिरतात. यावर पाड्यात अजून विनोद होतात.

आणि या होडीला भाडं नाही. कार्तिकात भाताची झोडणी झाली की प्रत्येक घरातून पायलीभर भात मावशीच्या ओट्यावर येतं. त्याला होडीचं भात म्हणतात. मोठ्या घराची पायली शिगोशीग, गरिबाची सपाट, आणि ज्याचं पिकलं नाही त्याची पुढच्या वर्षी. कोण किती वेळा पार झालं हे कोणी मोजत नाही. पाहुणा, वाटसरू, शाळेचे मास्तर, सिद्धगडच्या रानात वाट चुकून उतरलेले शहरी भटके, सगळे फुकट.

इथेच घोटाळा झाला. असा घोटाळा आमचीच माणसं करू जाणोत.

अपघाताच्या आधीच्या दिवाळीत तिघं जण आले होते. डोक्यावर गोल टोप्या, हातात टॅब. पाण्यावर शर्यती भरवायच्या तर कोणाचं नुकसान होतं का, याची पाहणी करायला. मावशीनं त्यांना पार नेलं, कोरा चहा पाजला आणि चवळीची उसळ खाऊ घातली. मग टॅबवाल्यानं विचारलं, "इथे प्रवाशांकडून भाडं किती घेता?"

भर जेवणात पाहुण्यानं ताटाची किंमत विचारावी तसं झालं. मावशीचा चेहरा पडला. मग काका पुढे झाले.

"पावणं," काका बोलले, "आमच्याकडं होडीचं पैसं घेत नाय. बाकी कुठं घेत असतील. आमी नाय."

"काहीच नाही?"

"काय म्हंजे कायच नाय! तुमाला आनलं, तुमच्याकडनं घेतलं का?"

सगळ्या पाड्यानं माना डोलावल्या. पाहुणे फार खूश झाले. जाताना त्यांच्या गाडीत दोन भोपळेही टाकले. महिनाभरानं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. त्याचा अर्थ एवढाच होता की सदर जलाशयात भाडोत्री प्रवासी वाहतूक होत नाही, सबब कोणाचंही नुकसान संभवत नाही. भाडं नाही म्हणजे वाहतूक नाही, आणि वाहतूक नाही म्हणजे होडी नाही. भोपळ्यांचा उल्लेख नव्हता.

शनिवारी बुडालेली होडी अशी आधीच कागदावर बुडालेली होती. मावशी फक्त उशिरा पोचली.

बातमी कळली तशी मी रविवारी पहाटेच शहापूरहून निघाले. किन्हवली, सरळगाव करत फाट्यावर उतरले तर काठाला जत्रा भरलेली. मंडप, भोंगे, झेंडे. मावशी अलीकडच्या काठालाच एका नातेवाइकाकडे अडकलेली, कारण तिची होडी बांधलेली आणि तिला पार न्यायला दुसरं कोणी नाही. पट्टी बांधलेला हात गळ्यात घेऊन ती बोटी बघत उभी होती.

"आवाज काय गो!" मला बघून ती बोलली. "काळीज हलतंय. तुझं काका असतं तर घरात पळालं असतं."

मी तक्रार लिहून आणली होती. ती द्यायला मंडपात शिरले, तर खांद्यावरची झोळी आणि खिशातलं पेन बघून तिथल्या पोरीनं मला पत्रकार ठरवलं. मला टोपी मिळाली, मावशीला थंड पेय मिळालं, आणि आम्हा दोघींना थेट मुख्य आयोजकांसमोर बसवलं. काळा गॉगल, पांढरे बूट. वाघाच्या जबड्याची बोट त्यांचीच.

"लोकांचा एक गैरसमज आहे," मी तोंड उघडायच्या आत ते सुरू झाले. "पॉवरबोटिंग म्हणजे श्रीमंतांचा खेळ. तसं अजिबात नाही. प्रत्येकाच्या खिशाला परवडेल असा प्रकार यात आहे. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

सगळ्यात गरिबाचा प्रकार म्हणजे जेट स्की, पाण्यावरची स्कूटर. एक चांगली चारचाकी येईल एवढ्यात मिळते. त्याच्या वरचा गरीब रबराची फुगवायची बोट घेतो. तिच्यामागे बाहेरून टांगायचं इंजिन, दोन माणसं ओणवी होऊन धरून बसतात. घडी घालून जीपमध्ये मावते, म्हणून ट्रेलरचा खर्च वाचतो. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काटकसरीचं खरंखुरं समाधान होतं.

"केवढ्याला?" मावशीनं मला विचारलं. लाख हा शब्द तिला कळतो, पण लाखांचा ढीग डोळ्यासमोर येत नाही. तेव्हा भाषांतराचं काम माझ्याकडे आलं.

"एक ट्रॅक्टर, मावशी. ट्रॉलीसकट."

"फुगवायचा?"

"फुगवायचा."

त्याच्या वर त्यांची स्वतःची बोट. दोन अरुंद पाय, मधून हवा जाते, त्यामुळे ती पाण्यावर टेकतच नाही म्हणे. एकाच माणसाची जागा, वर बंद टोपण. बोट त्या मानाने स्वस्त. महाग ते इंजिन. शिवाय इंजिन नुसतं विकत घेऊन भागत नाही, थोड्याच शर्यतींनंतर ते पूर्ण खोलून आतले भाग बदलावे लागतात. बोट ढकलणारे पाण्याखालचे पंखेही एक ठेवून चालत नाही. पाणी शांत असेल तर एक, लाटा असतील तर दुसरा, आणि दगडाला लागून वाकेल म्हणून तिसरा.

"ही केवढ्याला?"

"सरळगावच्या नाक्यावरची भाताची गिरणी, मावशी. जागेसकट. आणि दर वर्षी गिरणीची सगळी यंत्रं नवी."

मावशीनं वाघाच्या जबड्याकडे नव्या आदरानं पाहिलं.

"पण हे काहीच नाही," गॉगलवाले बोलले. खरं म्हणजे समुद्रातल्या मोठ्या बोटी. आत दोन प्रचंड इंजिनं, एक माणूस सुकाणू धरायला, दुसरा फक्त वेग सांभाळायला. उतरवायला क्रेन, आणायला मोठा ट्रक, वरून लक्ष ठेवायला हेलिकॉप्टर. पेट्रोल लिटरमध्ये मोजत नाहीत, पिंपात मोजतात.

याचं भाषांतर मला जमेना. मी आजूबाजूला पाहिलं. काठ, फाटा, शाळा, समोरचा डोंगर.

"मावशी, हे सगळं," मी बोलले.

"पाडा धरून?"

"पाडा धरून. वर पार वैशाखरे गावापर्यंतची जमीन धर."

गॉगलवाले मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी आमच्या धरणावर एवढी कृपा का, तेही सांगितलं. समुद्राचं मीठ इंजिनाला खातं. प्रत्येक फेरीनंतर सगळं गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, तरी गंज चढतोच. इथे पाणी गोडं, वारा कमी, आणि मोठ्या धरणांसारखा पहारा नाही. भातसानगरला माझा मामेभाऊ राहतो, तिथल्या मोठ्या धरणात साधा पाय बुडवायचा तर शिट्टी वाजते. आमचं धरण लहान. त्याच्या नशिबी पहारेकरी नाहीत, पाहुणे आहेत.

थोडक्यात, मावशीच्या पाण्यानं त्यांचा इंजिनाचा खर्च वाचत होता. खेळ स्वस्त झाला होता, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. उरलेला खर्च दुसऱ्या काठावर पडला होता, एवढंच.

तेवढ्यात मावशीनं तिची शंका काढली. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती.

"साहेब, ही बोट जाते कुठं?"

"कुठे म्हणजे? त्या नारिंगी फुग्याला वळसा घालून, त्या दुसऱ्या फुग्यावरून, परत इथे."

"परत इथंच?"

"हो. अशा बऱ्याच फेऱ्या."

"आनि मानसं किती नेते?"

"एक."

"तो पलीकडं उतरत नाय?"

"नाही हो, आजी!"

मावशीनं समजूतदारपणे मान हलवली. पाड्यात एक म्हातारा आहे, त्याला झाडांशी बोलायची सवय आहे. त्याच्याकडेही ती अशीच मान हलवते.

मग मी माझी तक्रार पुढे केली. होडी उलटली, वल्हं मोडलं, येणंजाणं बंद झालं. गॉगलवाल्यांनी ती पूर्ण वाचली. गॉगल काढला. "अरे, त्या होडीवाल्या आजी तुम्ही! सॉरी हं." आणि खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "होडी केवढ्याची तुमची?"

"सासऱ्यांनी केलीय. लाकूड घरचं."

"देखभाल?"

"उन्हाळ्यात डांबर लावतो."

"आणि उत्पन्न? भाडं वगैरे?"

मी मावशीच्या हाताला चिमटा काढला. जखमी हाताला. तरीही ती ताठ बसून बोलली, "पैसं नाय घेत आमी."

"मग झालं की!" त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमचाही शौकच. आजी, आपण एकाच जातीचे."

अशा रीतीनं खेळातला सर्वांत स्वस्त प्रकार सापडला. त्यांनी तो मला लिहूनही घ्यायला सांगितला. वल्ह्याचे पैसे त्यांनी लगेच देऊ केले, मावशीनं घेतले नाहीत. साखळीचं काय विचारलं, तर तो विषय त्यांच्या हातात नव्हता. सुरक्षेचा प्रश्न होता.

शहापूरला परतून मी पत्रक काढलं. कोणती बोट काय खाते, एकाखाली एक. चारचाकी, ट्रॅक्टर, गिरणी, आणि वैशाखऱ्यापर्यंतची जमीन. सगळ्यात खाली मावशीची होडी, आणि तिच्यासमोर मी ठळक छापलं, "भाडं: वर्षाला घरटी पायलीभर भात." हाच आपला पुरावा, असं मला वाटलं. गठ्ठा घेऊन मी वळशाच्या वाटेनं पाड्यावर गेले, आणि ओट्यावर काकांनी ते मोठ्यानं वाचलं. फुगवायच्या ट्रॅक्टरला लोक हसले. एका माणसाच्या गिरणीला अजून हसले. शेवटच्या ओळीवर काका थांबले.

"हे भाडं कोनी लिहाय सांगितलं?"

"काका, तेच तर आहे. भात देता ना तुम्ही सगळे?"

"भात भाडं नाय."

"मग काय आहे?"

"होडीचं भात हाय."

"म्हणजे भाडंच!"

"अगो शिकलेले," काका बोलले. ते चिडले की मला असं हाक मारतात. "भाडेवाला पैसं नसले तर उतरवतो. या होडीतनं कोनाला उतरवला का आजवर?"

कोणाला उतरवलं नव्हतं. पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. "तर मग होडीच नाही, काका. कागदावर नाही. तुम्हीच पाहुण्यांना सांगितलंत ना, कायच नाय म्हणून? वर भोपळेही दिलेत."

शेजारची एक बाई पदराआड हसली. काकांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. फाडलं नाही, हे विशेष.

मावशी इतका वेळ उंबऱ्यात बसून होती. "मंग आमी आता काय खोटं बोलायचं?" तिनं विचारलं.

"खोटं नाही. तुम्ही बोललात ते खरंच होतं, पण अर्धं. पैसे घेत नाय, हे बोललात. भात येतं, हे राहिलं. तेवढंच बोलायचं."

"असं कसं सांगायचं? घेणाऱ्यानंच?" मावशी बोलली. "देणाऱ्यानं सांगावं."

त्या वाक्याला मी तेव्हा फार महत्त्व दिलं नाही. साखळी सुटून होडी सुरू व्हावी म्हणून मुरबाडच्या कचेरीत अर्ज केला आणि चिकटले त्याच्यामागे. पावसाळा गेला. पाड्यातल्या मोठ्या मुली अंधारात निघून वळशानं शाळेत जाऊ लागल्या, लहान पोरं घरीच राहिली. बायका आजारी माणसाला डोलीत घालून ओढे उतरू लागल्या. मावशी रोज सकाळी पाण्यावर जायची, साखळी हलवून बघायची आणि परत यायची.

मग आत्ताच्या कार्तिकात झोडणी झाली. मी पाड्यावरच होते. शेजारची तीच बाई टोपली घेऊन आली, पायली शिगोशीग भरलेली.

"हे काय गो?" मावशी.

"होडीचं भात."

"होडी कुठं चालली?"

"माघापर्यंत चालली ना. घे गुमान."

"माघापर्यंतचं मागच्या कार्तिकात दिलंस. ने परत."

"मी नाय नेत."

"मी नाय घेत."

टोपली ओट्यावरच राहिली. मागोमाग दुसरी आली, तिसरी आली. सगळ्यांची तीच भांडणं. कोंबड्या टोपल्यांत चढल्या आणि त्यांची चंगळ झाली. संध्याकाळी काकांनी एकेक टोपली उचलून ज्याच्या त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली. जी मावशी आयुष्यभर कोणालाही नाही म्हणाली नव्हती, तिच्या घरात या वर्षी होडीचं भात नाही. आणि ज्यांनी ते जन्मभर दिलं, त्यांच्या ओट्यावर ते परत आलेलं आहे. त्यांना ते शिजवताही येत नाही आणि विकताही येत नाही. प्रत्येक घरात एक टोपली कोपऱ्यात झाकून ठेवलेली मी पाहिली.

रात्री काका माझ्याजवळ येऊन बसले. खिशातून पत्रक काढलं, घड्यांवर फाटायला आलेलं.

"देणाऱ्यानं सांगायचं, असं ती बोलली होती ना?" ते बोलले. "मंग देणारे किती हायेत ते बघू."

आमच्या अर्जावर सुनावणी लागली आहे. पौषातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी, मुरबाडच्या कचेरीत. साहेब पुन्हा तोच प्रश्न विचारणार, भाडं घेता का? मावशी पुन्हा तेच उत्तर देणार, पैसं नाय घेत. तिला बदलायचा नाद मी सोडला आहे. पाड्यातली माणसं मात्र झाकलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन, वळशाच्या वाटेनं, कचेरीत येणार आहेत.

पण या होडीतून पार झालेली माणसं फक्त पाड्यात राहत नाहीत. बदली होऊन कल्याणला गेलेले मास्तर, तुम्ही पार झालात. लसींची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या नर्सबाई, तुम्ही झालात. सिद्धगडच्या रानातून चिखलानं माखून उतरलेले आणि होडीत सेल्फी काढलेले, तुम्हीही झालात. दर निवडणुकीला मतदानाची यंत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून याच होडीतून, अस्तित्वातच नसलेल्या होडीतून, पलीकडे नेणारे सरकारी कर्मचारी, तुम्ही तर परतताना मावशीला "सावकाश हं" असंही सांगितलंत. तुमच्यापैकी कोणी काही दिलं नाही, कारण कोणी मागितलं नाही.

आता मी मागते. त्या सोमवारी मुरबाडला या. पैसे आणू नका, पैशांनी आमचं नुकसानच होईल. भात आणा. पायलीभर नसेल तर ओंजळभर आणा, पण आणा. साहेबांच्या टेबलावर ठेवा, आणि हे काय, असं त्यांनी विचारलं की घसा साफ करून सांगा, त्या होडीतून तुम्ही कुठून कुठे गेला होतात.